येत्या शनिवारी हॉपकिन्स विरुद्ध मेरीलँड

अमेरिकेतल्या बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स आणि कॉलेज पार्कचं मेरीलँड विद्यापीठ, गाडीने गेलं तर तासाभराच्या आतला रस्ता. ही दोन कॉलेजं १८९५ मध्ये पहिल्यांदा एकमेकांशी लॅक्रॉस खेळली, तेव्हा मेरीलँडचं नाव मेरीलँड अॅग्रिकल्चरल कॉलेज होतं, शेतकीचं कॉलेज. येत्या शनिवारी हॉपकिन्सच्या होमवूड फील्डवर ती परत समोरासमोर येतायत आणि आमच्या घरात आठवडाभर दुसरा विषय नाही. लेक कॉलेज पार्कला शिकते, भाचा हॉपकिन्सला पीएचडी करतोय, एरवी दोघांचं मेतकूट असतं पण सोमवारपासून फॅमिली ग्रुपवर नुसती कासवं आणि निळे पक्षी, कारण मेरीलँडचं चिन्ह टेरापिन कासव आणि हॉपकिन्सचं ब्लू जे. काल भाच्याने सरळच विचारलं, मावशी तू कोणाकडून? मी सांगून टाकलं, हॉपकिन्सकडून. लेक रुसली तर रुसली. का ते सांगते, पण आधी खेळाबद्दल थोडं, कारण तिकडे भारतात घरी कोणाला लॅक्रॉस म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ते जाळीवाल्या काठीचं काय असतं गं?

तर तेच. काठीच्या टोकाला जाळी, त्या जाळीत टेनिस बॉलएवढा पण घट्ट रबराचा बॉल, आणि तो हात न लावता जाळीतूनच झेलायचा, जाळीतूनच पळवायचा, जाळीतूनच फेकायचा. एका बाजूला दहा जण, गोलकीपर, तीन डिफेन्स, तीन मिडफिल्ड, तीन अटॅक. गोल सहा फूट बाय सहा फूट, म्हणजे फुटबॉलच्या गोलपुढे अगदीच चिमुकला, आणि बॉल येतो ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास. त्यापुढे जो पोरगा उभा असतो त्याच्या अंगावर हेल्मेट, गळ्याची पट्टी, छातीचं पॅड आणि ग्लोव्ह्ज एवढंच, बऱ्याच जणांच्या मांड्या-नडग्या उघड्याच. मी पहिल्यांदा गोलच्या मागे उभी राहून वॉर्मअप बघितला तेव्हा बॉल त्याच्या मांडीवर बसल्याचा आवाज आला आणि माझ्याच पोटात गोळा आला. तो मात्र बॉल उचलून पुढच्या शॉटला तयार. हा खेळ मला तिथेच आवडायला लागला असं म्हटलं तरी चालेल.

पण नवीन माणसाने मॅच बघायला बसताना एकच गोष्ट नीट बघावी असं मला वाटतं, ती म्हणजे फेसऑफ. मैदानाच्या मधोमध दोन पोरं वाकून बसतात, बॉल जमिनीवर दोघांच्या काठ्यांच्या मधे, शिट्टी वाजली की जाळीची पाठ बॉलवर दाबायची, मनगट फिरवून तो आपल्याकडे ओढायचा आणि आपल्या माणसाकडे सोडायचा. सगळा कारभार दोन-तीन सेकंदांचा, खांदे एकमेकांत घुसलेले, काठ्या कडाकडा वाजतायत, आणि मग बॉल कुठूनतरी सुटतो आणि दोन्ही विंगवरून पोरं त्याच्यावर तुटून पडतात. बऱ्याच टीममध्ये हे काम करणारा पोरगा तेवढंच करतो, बॉल मिळाला की धावत बाहेर. आणि हे मॅचभर चालू असतं कारण प्रत्येक गोलनंतर परत फेसऑफ. फुटबॉलमध्ये गोल खाल्ला की बॉल तुमच्याकडे येतो, इथे तसं नाही, गोल मारणाऱ्यानेच पुढचा फेसऑफ जिंकला तर बॉल परत त्याच्याकडेच, मग अजून एक गोल, अजून एक, आणि समोरच्याला बॉल बघायलासुद्धा मिळत नाही. पाच गोलची लीड बघता बघता पाण्यात जाते ती अशी. म्हणून लॅक्रॉसमध्ये कोणी आघाडीवर आहे म्हणून पॉपकॉर्न आणायला उठायचं नाही. २०१९ पासून ऐंशी सेकंदांचं शॉट क्लॉक आलं, म्हणजे तेवढ्या वेळात गोलवर शॉट मारायलाच हवा, त्यामुळे बॉल घेऊन नुसतं फिरत वेळ काढणं बंद झालं, आणि मला विचाराल तर या खेळासाठी गेल्या कित्येक वर्षांत झालेली ती सगळ्यात चांगली गोष्ट.

अजून एक नियम मला फार आवडतो. गोलवर मारलेला बॉल बाहेर गेला तर तो कोणाला लागून गेला हे बघत नाहीत, बॉल लाईन ओलांडतो त्या क्षणी बॉलच्या सगळ्यात जवळ कोण होतं ते बघतात, बॉल त्याच्या टीमचा. त्यामुळे शॉट मारणारा मारतो तेव्हा त्याचा कोणीतरी जोडीदार आधीच गोलच्या मागे धावत सुटलेला असतो, शॉट चुकला तर बॉल आपल्याकडे राहावा म्हणून. त्या धावण्याचं नाव कुठल्या स्कोअरकार्डवर येत नाही. लेक काउंटीच्या लीगमध्ये खेळायची तेव्हा तिचे कोच सगळ्यात जास्त याच धावण्यावरून ओरडायचे, आणि आता मला कॉलेजची मॅच बघतानासुद्धा आधी तीच पोरं दिसतात.

आता हॉपकिन्स का.

हॉपकिन्स म्हटलं की आपल्याकडे लोकांना हॉस्पिटल आठवतं, रिसर्च आठवतो. अंडरग्रॅज्युएट पोरं जेमतेम साडेपाच हजार. बाकी सगळ्या खेळांत हे कॉलेज डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे खेळासाठी स्कॉलरशिप नाही, टीव्ही नाही, अभ्यास करा आणि जमेल तसं खेळा. फक्त लॅक्रॉस डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवर. अख्ख्या कॉलेजने एकाच खेळावर जीव लावला आणि तो १८८३ पासून लावलाय. अमेरिकेत होमकमिंग, म्हणजे जुन्या विद्यार्थ्यांचा कॉलेजला परत येण्याचा सोहळा, म्हटलं की अमेरिकन फुटबॉल आणि ऑक्टोबरची थंडी, पण हॉपकिन्सचं होमकमिंग वर्षानुवर्षं वसंतात असायचं, लॅक्रॉसच्या सीझनला धरून. १९२८ च्या अॅमस्टरडॅम आणि १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस प्रदर्शनीय खेळ होता, दोन्ही वेळा अमेरिकेतर्फे गेली ती हॉपकिन्सचीच टीम. राष्ट्रीय विजेतेपदं ४४, त्यातली ९ एनसीएएची, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या देशव्यापी संस्थेची, स्पर्धा सुरू झाल्यानंतरची. होमवूड फील्डला लागूनच खेळाचं म्युझियम आणि हॉल ऑफ फेम होतं, २०१६ मध्ये ते गावाबाहेर स्पार्क्सला हललं, मला अजून चार्ल्स स्ट्रीटवरून जाताना ते तिथे नाही याची हळहळ वाटते.

आणि समोर मेरीलँड. तीस हजारांवर अंडरग्रॅज्युएट पोरं, मोठं राज्य विद्यापीठ, फुटबॉल आहे, बास्केटबॉल आहे, सगळं आहे. पण लॅक्रॉसच्या बाबतीत त्यांची कहाणी ऐकली की हॉपकिन्सवालीलासुद्धा भरून येतं. १९७३ च्या फायनलमध्ये त्यांनी हॉपकिन्सलाच डबल ओव्हरटाइममध्ये १०-९ ने हरवलं. पुढच्याच वर्षी फायनलला परत हेच दोघं, या वेळी हॉपकिन्स १७-१२, आणि त्या विजयावर हॉपकिन्सचे कोच बॉब स्कॉट यांनी निरोप घेतला. १९७५ ला मेरीलँड पुन्हा जिंकलं आणि मग जे काही सुरू झालं त्याला नशीब म्हणायचं की काय म्हणायचं. फायनलला पोचायचं आणि हरायचं. १९७९ मध्ये हॉपकिन्सनेच हरवलं. नव्वदच्या दशकात तीनदा तेच. २०११, २०१२, २०१५. २०१६ मध्ये ओव्हरटाइमला १४-१३, नॉर्थ कॅरोलायनाकडून. तेव्हा आमच्या शेजारचे एक काका, मेरीलँडचे जुने विद्यार्थी, टीव्ही बंद करून अंगणात येऊन उभे राहिले, आणि मी कुंपणाशी जाऊन काय बोलावं ते मला सुचेना. मग २०१७ आलं, ओहायो स्टेटला ९-६ ने हरवून ४२ वर्षांनी कप आला, आणि त्याच वीकेंडला मेरीलँडच्या पोरीसुद्धा चॅम्पियन झाल्या. काकांनी त्या रात्री गल्लीतल्या प्रत्येक दारावर टकटक केली होती. २०२२ ला तर १८ पैकी १८ मॅच जिंकून कप घेतला. हॉपकिन्सचा शेवटचा कप २००७ चा. हे मी लेकीपुढे कबूल करत नाही पण इथे लिहिते, गेल्या दहा-पंधरा वर्षांत मेरीलँड जास्त चांगलं चाललंय, कोच जॉन टिलमन २०११ पासून तिथे आहेत आणि त्यांच्या टीमचा डिफेन्स बघताना कुठेच फट दिसत नाही. मुलींच्या लॅक्रॉसमध्ये तर मेरीलँडपुढे कोणाचं नाव घ्यायचं, १५ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत त्यांच्या पोरींची. आणि मुलींचा हा खेळ अमेरिकेत रुजला तोही बाल्टिमोरातूनच, १९२६ मध्ये रोझाबेल सिंक्लेअर नावाच्या बाईंनी ब्रिन मॉर स्कूलमध्ये टीम काढली तिथून.

मी कोल्हापूरची आहे हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे कुस्तीच्या तालमी फुटबॉलच्या टीम काढतात, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, आणि शाहू स्टेडियमवर ईर्षेची मॅच असली की शहरातल्या पेठा एकमेकींच्या अंगावर येतात. बाहेरच्या माणसाला वाटतं हे एवढे भांडतायत म्हणजे एकमेकांना पाण्यात बघत असणार. तसं नसतं. ज्याला तुम्ही स्टँडमधून शिव्या घातल्या त्याची बहीण तुमच्या चुलतभावाला दिलेली असते, त्याच्या दुकानातून तुम्ही किराणा आणता, आणि उद्या सकाळी त्याच कट्ट्यावर चहा प्यायचा असतो. लांबच्या टीमकडून हरलं तर दोन दिवसांत विसरायला होतं. शेजाऱ्याकडून हरलं की वर्षभर ऐकावं लागतं, म्हणून तर जीव टांगणीला.

होमवूडला पहिल्यांदा ही मॅच बघितली तेव्हा मला हे सगळं ओळखीचं वाटलं. दोन्ही टीमच्या यादीवर नजर फिरवा, गिलमन, मॅकडोनो, बॉइज लॅटिन, कॅल्व्हर्ट हॉल, बाल्टिमोरच्या आसपासच्या त्याच त्या शाळांची पोरं दोन्हीकडे. सातवी-आठवीपासून एका क्लबमध्ये खेळलेली, एकमेकांच्या आईच्या हातचं जेवलेली. डिफेन्समधला लाँग पोल, म्हणजे ती सहा फुटांपर्यंतची लांब काठी, घेऊन जो पोरगा समोरच्याच्या हातांवर फटके मारत असतो त्याला समोरचा कुठल्या खांद्यावरून वळणार हे शाळेपासून माहीत असतं, आणि समोरच्याला हे माहीत असतं की याला माहीत आहे, त्यामुळे तो आज दुसरीकडून वळतो. ते बघायला मी जाते. २०१५ पासून जिंकणाऱ्याला एक लाकडी खेकडा ट्रॉफी म्हणून देतात. चेसापीकच्या उपसागराकाठच्या लोकांना याहून जवळचं काय असणार, इथे वर्तमानपत्र पसरून ओल्ड बे मसाल्यातले खेकडे हातोडीने फोडत बसणं हा सण असतो.

त्याच २०१५ च्या सीझनपासून हॉपकिन्स लॅक्रॉसपुरतं बिग टेन या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात आलं, सव्वाशेहून जास्त वर्षं कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नव्हतं. जुन्या लोकांना ते रुचलं नाही असं ऐकलं. माझं मत उलट आहे. मेरीलँडही त्याच सुमारास एसीसी ही आपली जुनी कॉन्फरन्स सोडून बिग टेनमध्ये गेलं, हॉपकिन्सही तिथेच आलं म्हणून ही मॅच कॉन्फरन्सची मॅच झाली आणि तिला आणखी धार आली.

एक गोष्ट मात्र या सगळ्या उत्साहात माझ्या मनात राहते आणि ती न लिहिता हा लेख पुरा करणं मला जमणार नाही. हा खेळ या दोन कॉलेजांचा नाही, बाल्टिमोरचाही नाही. हा होडेनोशोनी या मूलनिवासी लोकांचा खेळ, न्यूयॉर्क राज्यात आणि कॅनडात राहणाऱ्या मोहॉक, ओनोन्डागा, सेनेका वगैरे सहा राष्ट्रांचा. त्यांच्यासाठी तो विधात्याने दिलेला खेळ आहे, आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून खेळतात, हिकरीच्या लाकडाची काठी महिनोन् महिने वाकवून-सुकवून करतात, आणि मुलगा झाला की पाळण्यात काठी ठेवतात. माँट्रियलचे एक दंतवैद्य जॉर्ज बिअर्स यांनी १८६७ मध्ये या खेळाचे नियम लिहून काढले, कातड्याचा बॉल जाऊन रबराचा आला, आणि पुढच्या पंधरा वर्षांच्या आत ज्यांचा खेळ त्यांनाच व्यावसायिक ठरवून कॅनडातल्या हौशी चॅम्पियनशिपमधून बाहेर काढलं. आज कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूला जो तेवाराटन अॅवॉर्ड मिळतो त्याचं नाव मोहॉक भाषेतलं, पण २००१ पासून सुरू झालेला तो अॅवॉर्ड मूलनिवासी खेळाडूला पहिल्यांदा मिळाला २०१४ मध्ये, ऑल्बनीच्या लाइल आणि माइल्स थॉम्पसन या भावांना, दोघांत मिळून. लाइलच्या मॅचचे जुने व्हिडिओ कधीतरी बघा, पाठ गोलकडे असताना मागच्या मागे मारलेले त्याचे शॉट बघून भाचा अजून सोफ्यावरून उठतो.

आणि आता २०२८ चं लॉस एंजलिस ऑलिंपिक. लॅक्रॉस परत येतंय, सहा-सहा जणांच्या छोट्या रूपात. हा निर्णय झाला कुठे, तर आपल्या मुंबईत, ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये भरलं होतं तिथे. त्या दिवशी घरच्या ग्रुपवर क्रिकेट ऑलिंपिकमध्ये आलं म्हणून लाडू-पेढ्यांचे फोटो पडत होते, आणि त्याच ठरावात लॅक्रॉस होतं. मी तिथे लिहिलं, अरे लॅक्रॉससुद्धा आलं, तर धाकट्या दिराने अंगठा टाकला आणि परत क्रिकेट. त्याला काय बोलणार, आनंद त्याचाही खराच होता. पण होडेनोशोनींची टीम जगातल्या अव्वल टीमपैकी एक आहे, वर्ल्ड चॅम्पियनशिपला स्वतःच्या झेंड्याखाली खेळते, २०१० मध्ये त्यांच्या स्वतःच्या पासपोर्टवर ब्रिटनने व्हिसा नाकारला तेव्हा मँचेस्टरची स्पर्धा सोडली पण दुसऱ्यांचा पासपोर्ट घेतला नाही. त्यांना ऑलिंपिकला स्वतःच्या नावाने यायचंय आणि समितीचं म्हणणं की तुमची ऑलिंपिक समिती नाही, तेव्हा अमेरिका किंवा कॅनडाकडून खेळा. डिसेंबर २०२३ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी त्यांच्या बाजूने बोलूनही दाखवलं. मला याचा खरोखर राग येतो. ज्यांनी जगाला खेळ दिला त्यांनी दुसऱ्याची जर्सी घालून यावं ही काय रीत झाली.

बाल्टिमोरातही असंच काहीसं. शहरात कृष्णवर्णीय लोक निम्म्याहून जास्त, पण होमवूडच्या स्टँडमध्ये ते दिसतात फार थोडे, कारण काठ्या, हेल्मेट, क्लबची फी, खासगी शाळा, सगळाच खर्चाचा मामला. तरी याच गावात, हॉपकिन्सपासून थोड्याच अंतरावर, मॉर्गन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठाने सत्तरच्या दशकात टीम उभी केली, आणि १९७५ मध्ये तेव्हाच्या दबदबा असलेल्या वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठाला त्यांच्याच मैदानावर जाऊन ८-७ ने हरवलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती टीम बंद पडली. ती चालू राहायला हवी होती. आज इथे तीन टीमची ईर्षा असती.

असो. शनिवारचं सांगते. येणार असाल तर लवकर या, होमवूडला बसायला साडेआठ हजारांची जागा पण मेरीलँडची मॅच असली की चांगल्या जागा आधी जातात, आणि लाल शर्टवाले कासवपंथी लोक बसने, गाड्या भरभरून येतात. मिडफिल्डच्या समोर बसू नका, नवीन असाल तर गोलच्या बाजूच्या कोपऱ्यात वर बसा, तिथून डिफेन्स कसा सरकतो ते दिसतं. हॉपकिन्सचा गोल झाला की बँड वाजतो आणि सगळं स्टँड गोल मोजतं, एक, दोन, तीन, जितके झाले तितके, आणि मग ओरडतं, अजून पाहिजेत. ते ओरडायचं, लाजायचं नाही. पहिल्या क्वार्टरमध्ये स्कोअरकडे बघू नका, फेसऑफ कोण जिंकतंय ते मोजा. तिथे हॉपकिन्सने निम्मे जरी घेतले तर मॅच शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत जाणार, आणि मग गोलकीपर ठरवणार. माझा अंदाज हॉपकिन्स ११, मेरीलँड १०. लेकीने ग्रुपवर १४-८ टाकलंय, तिच्या बाजूने अर्थातच. भाच्याने अजून आकडा दिलेला नाही, म्हणतो सांगितलं की नाट लागते. शेजारच्या काकांना आमच्याच गाडीतून नेणार आहे, ते लाल टोपी घालणार, मी निळी.